उधारीचा आकडा आणि पहाटेची जाग

प्रश्न गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका उद्योजिकेचा आहे. त्यांचे वय 44. गेली सहा वर्षे त्या घरालगतच्या खोलीत मसाले आणि आमसुले, तर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत नेवऱ्या (करंज्या) आणि मोदक करून विकतात. हाताखाली गावातल्याच चार बायका आहेत. त्या लिहितात की मागचे चार महिने पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, छातीत दडपल्यासारखे होते, बारावीतल्या मुलीवर विनाकारण ओरडणे होते आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहते. दोन दुकाने आणि एक हॉटेल यांच्याकडे मिळून 1 लाख 80 हजार रुपये अडकले आहेत आणि ही गोष्ट त्यांनी पतीला सांगितलेली नाही. मैत्रिणीच्या आग्रहावरून त्या उद्योजक स्त्रियांच्या एका मेळाव्याला जाऊन आल्या, पण तिथे जी ती आपल्या यशाचेच सांगत होती, त्यामुळे घरी परतताना मन आणखी खचले. ‘हा नुसता ताण आहे की आजार, आणि असल्या गटात जाऊन खरेच काही होते का?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, पहिली गोष्ट छातीची. छातीत दडपणे हे ताणामुळे होते, हे खरे आहे. पण ते ताणामुळेच होते आहे, हे तुम्ही, मी किंवा तुमच्या जाऊबाईंनी ठरवायचे नाही. चाळिशीच्या पुढच्या बाईने छातीची तक्रार सांगितली की ‘टेंशन घेऊ नकोस’ असे म्हणून तिला परत पाठवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे कधीकधी धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, प्रचंड थकवा अशा आडवळणाने येतात. म्हणून या आठवड्यातच आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड एवढ्या तपासण्या करून घ्या. पंडुरोग किंवा थायरॉईडचा बिघाड असेल तर थकवा, धडधड, चिडचिड हे सगळे त्यातूनही येते. पाळी पुढेमागे होऊ लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तुमच्या वयात संप्रेरकांच्या चढउताराने झोप मोडणे अगदी नेहमीचे आहे. दडपण अचानक वाढले, घाम सुटला, हात भरून आला तर थांबू नका, 108 वर फोन करून थेट रुग्णालय गाठा.

तपासण्या निर्दोष आल्या, तर पुढचा विचार मनाचा. ताण आणि आजार यांच्यामध्ये कुंपण घातलेले नसते, पण काही खुणा मी नेहमी पाहते. ताण असलेल्या बाईला ऑर्डर पार पडली, पैसे आले, मुलीचा पेपर चांगला गेला की दोन दिवस का होईना हलके वाटते. जिला चांगली बातमी येऊनही काही वाटत नाही, पूर्वी आवडणारे काहीही नकोसे झाले आहे, आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू आहे, तिच्या बाबतीत मी नैराश्याचा विचार करते. त्यात भूक जाणे, वजन उतरणे, आपण कुणाच्याच उपयोगाच्या नाही असे वाटणे, जगण्याचा कंटाळा येणे यांपैकी काही असेल तर मैत्रिणींचा गट हा त्यावरचा पहिला उपाय होऊ शकत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. बांबोळीला मनोविकारशास्त्र आणि मानवी वर्तन संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि ‘टेलिमानस’ची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी, विनामूल्य फोनसेवा 2022 पासून दिवसरात्र चालू आहे. जीव द्यावा असा विचार एकदा जरी आला असेल, तरी तो आजच कुणाला तरी सांगा. तुमच्या पत्रावरून मला तसे दिसत नाही. पण पत्रात बाई सगळे लिहीतच असते असेही नाही, म्हणून स्पष्ट विचारते आहे.

तुमच्या पत्रातला जो भाग मी तीनतीनदा वाचला तो त्या 1 लाख 80 हजारांचा. झोप, छाती, मुलगी, मेळावा या सगळ्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिले आहे, आणि आकडा मात्र एका ओळीत, तोही जाता जाता. व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांशी मी वीस वर्षांहून अधिक काळ बोलत आले आहे आणि मला हेच दिसत आले आहे. पार्लरवाली असो, शिवणकाम करणारी असो, होमस्टे चालवणारी असो की खानावळवाली, ती थकव्याबद्दल बोलते, सासूबद्दल बोलते, नवऱ्याच्या बोलण्याबद्दल बोलते. पैशाचा आकडा चौथ्यापाचव्या भेटीत, दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून सांगते. आणि पहाटे तीनला तिला जागे करणारा असतो तो बहुधा हा आकडाच.

असे का होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नोकरीतल्या माणसाला वरिष्ठ असतो, त्याच्यावर चिडता येते. तुमच्या बाबतीत निर्णय तुमचा, चूक तुमची आणि ती निस्तरायचीही तुम्हीच. हाताखालच्या चार बायका कामगार म्हणून येतात, पण त्यांतली एक मावशी असते, एक शेजारची वहिनी असते. मसाला करपला तर मावशीला बोलता येत नाही आणि चवथीला तिने उचल मागितली तर नाही म्हणता येत नाही. घरात तुम्ही मालकीण नसता, सून असता. ‘घर सांभाळून करते हो सगळे’ हे कौतुक मला फार खटकते, कारण त्या कौतुकात अट दडलेली आहे. व्यवसायात काही बिघडले की पहिला सल्ला ‘मग बंद कर ना’ असा येईल, हे बाईला पक्के ठाऊक असते, म्हणून ती बिघडल्याचे सांगतच नाही. पतीला उधारी न सांगण्यामागे तुमचे कारण याहून वेगळे असेल असे मला वाटत नाही.

आपल्या भागातल्या व्यवसायांचा हंगामही यात भर घालतो. तुमचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मे म्हणजे मिरच्या वाळवणे, भिरंडांची (कोकमांची) सोले घालणे आणि मळभ दाटले की सगळे गोळा करून आत पळणे. त्याच दिवसांत लोकांची पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आपले पुरुमेंत, चाललेले असते, त्यामुळे मागणीही तेव्हाच जोराची. जून-जुलैत विक्री मंदावते, पण मजुरी, वीज आणि बँकेचा हप्ता मंदावत नाही. मग श्रावण लागतो आणि चवथीच्या ऑर्डरींनी फोन थांबत नाही. त्या दिवसांत माटोळीपासून, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छतापासून, पाहुण्यांपर्यंत घरचे सगळे तुमच्याच अंगावर असते. पुढे दिवाळी आणि डिसेंबरचे पर्यटक. शरीराला सैल पडायला म्हणून जे दोन महिने मिळतात ते नेमके पैशाच्या काळजीचे असतात. तुमचा त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला ते पाहा. केवळ हंगाम आणि उधारी यांच्या तारखा शेजारी लिहून काढल्यावर ‘माझ्यातच काही तरी कमी आहे’ ही समजूत सैल पडलेली मी अनेकींच्या बाबतीत पाहिली आहे.

आता गटाविषयी. समदुःखी स्त्रियांनी एकमेकींना आधार देण्याचे मोल ही केवळ भाबडी श्रद्धा नाही, आणि त्याची कसोटी लावण्याचे काम आपल्या गोव्यातच झालेले आहे. 1996 साली येथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचे समुपदेशन देऊन पाहिले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 64 टक्के आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 39 टक्के होते. दुसऱ्या एका अभ्यासात गरोदरपणात नैराश्य आलेल्या 280 स्त्रियांपैकी निम्म्यांकडे त्यांच्याच परिसरातल्या, स्वतः आई असलेल्या साध्या स्त्रिया जाऊन बसत होत्या. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्या गटात बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक होते, मात्र लक्षणांच्या एकूण तीव्रतेत ठळक फरक आढळला नाही. मला हे दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे वाटतात. बरोबरीची बाई मदत करू शकते, आणि तिच्या मदतीला मर्यादा आहे. शिवाय या स्त्रिया मनाला येईल ते बोलत नव्हत्या. काय विचारायचे, भेट कुठे थांबवायची, कुणाला डॉक्टरांकडे पाठवायचे हे त्यांना शिकवलेले होते, आणि त्यांच्यावर देखरेख होती.

ही शिस्त नसेल तर काय होते तेही सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी जे गट चालवले त्यांत प्रत्येकीने येऊन मन मोकळे करावे एवढाच नियम होता. पहिल्या दोन-तीन बैठका भारावून टाकणाऱ्या झाल्या, बायका रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चौथ्या महिन्यात उपस्थिती निम्म्यावर आली, आणि ज्या येत राहिल्या त्या मला पूर्वीपेक्षा अधिक खिन्न दिसू लागल्या. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 साली शाळकरी वयाच्या मुलामुलींवर केलेल्या अभ्यासात असेच काहीसे मांडले आहे. दोन मैत्रिणी एकाच दुःखाची पुनःपुन्हा उजळणी करीत राहिल्या तर मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर खिन्नता आणि चिंताही वाढलेली दिसते. प्रौढ स्त्रियांच्या गटात मी हेच डोळ्यांनी पाहिले. तुम्ही गेलात तो मेळावा याच्या उलट टोकाचा होता, तिथे सगळ्याच जणी यशस्वी होत्या. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे, ती म्हणजे कुणाचाही हिशेब कुणासमोर आलेला नाही. मेळाव्यांना माझा विरोध नाही. तिथे गिऱ्हाईक मिळते, पॅकिंगवाला मिळतो, योजना कळतात. तिथे आधार मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तुम्ही खचून परतलात यात तुमचा काहीही दोष नाही.

मला जमलेला गट असा असतो. त्यात पाच ते सात जणी असतात, याहून जास्त नाही, आणि दोघींचा व्यवसाय एक नसतो. दोन मसालेवाल्या एकत्र आल्या की एकीचे गिऱ्हाईक हे दुसरीचे नुकसान असते, आणि मग आकडे खोटे सांगितले जातात. याचा दोष मी कुणालाच देत नाही, तो पोटाचा प्रश्न आहे. एक शिवणकामवाली, एक पार्लरवाली, एक रोपवाटिका चालवणारी, एक शिकवणी घेणारी, एक तुमच्यासारखी खाद्यपदार्थवाली, असे असावे. सगळ्या जणी वेगवेगळ्या गावांतल्या असाव्यात. आपल्याकडे कुठल्याही दोन घरांत सोयरीक कुठे ना कुठे लागतेच, म्हणून साखळी, मये, डिचोली, फोंडा अशी थोडी अंतरे राखलेली बरी. माझ्या माहितीतला एक चांगला चाललेला गट एका हळदीकुंकवात मोडला. एकीच्या कर्जाची गोष्ट दुसरीने कळवळ्यानेच, पण चारचौघींत काढली आणि ती दुसऱ्या दिवशी तिच्या सासरी पोहोचली. त्यानंतर मी पहिल्याच बैठकीत प्रत्येकीकडून स्पष्ट शब्दांत वदवून घेते की इथले बोलणे नवऱ्यालाही सांगायचे नाही. स्वतःबद्दल काय सांगायचे ते सांगा, दुसरीचे नाव घरात निघता कामा नये.

जागा कुणाचेही घर नसावी. घर म्हटले की यजमानीण चहा आणि भजी करण्यात गुंतते, आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचे कान इकडे असतात. गावाच्या वाचनालयातली खोली, देवळाची अग्रशाळा, पंचायतीचे सभागृह, यांपैकी काहीही चालेल. वेळेचे म्हणाल तर दुपारी दुकाने बंद ठेवण्याची आपली गोव्याची पद्धत इथे फार उपयोगी पडते. तीन ते साडेचार हा वेळ बहुतेकींना मिळतो, फक्त म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जिचा माल जातो तिला शुक्रवार नको असतो. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. दर आठवड्याला ठेवले की हंगामात पहिली बैठक चुकते, मग दुसरी, आणि चुकलेली बाई लाजून येतच नाही.

बैठकीत प्रत्येकीला दहा-बारा मिनिटे मिळतात आणि तिने सुरुवात आकड्याने करायची असते. या पंधरवड्यात किती आले, किती गेले, किती अडकले आहे आणि माझी झोप किती झाली. हे ऐकायला रुक्ष वाटते, आणि पहिल्यांदा सांगताना बायकांचा आवाज अक्षरशः कापतो. पण आकडा सांगून झाला की उरलेले बोलणे खरे होते. ‘माझे काही खरे नाही’ असे म्हणणारी बाई, हॉटेलने 70 हजार थकवले आहेत, एवढे म्हणते तेव्हा ती स्वतःपासून थोडी दूर होऊन त्या अडचणीकडे बघू लागते. बाकीच्यांनी तिला प्रश्न विचारायचे, सल्ला तिने मागितल्यावरच द्यायचा. ‘माझेही तसेच झाले होते’ हे वाक्य एकदाच म्हणायचे; त्यामागून आपली सगळी कहाणी सांगायची नाही. आणि शेवटी तिने पुढच्या पंधरा दिवसांतले एकच काम ठरवायचे, त्यासाठी गटातली कोण सोबत येणार तेही तिथेच ठरवायचे. माझ्या मते या सोबतीइतके मोलाचे गटात दुसरे काही नसते. थकबाकी मागायला हॉटेलच्या कचेरीत एकटीने जाणे आणि बाजूला दुसरी बाई असताना जाणे यांतला फरक मी शब्दांत सांगू शकणार नाही, पण परत आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तो दिसतो. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांनी 2000 साली असे मांडले की संकटात लढणे किंवा पळणे याखेरीज जपणे आणि जोडून घेणे ही ताणाला मिळणारी आणखी एक प्रतिक्रिया आहे, आणि ती स्त्रियांमध्ये विशेष दिसते. सोबतीने गेलेल्या स्त्रिया पाहिल्यावर मला ते पटते.

इथे अनेकजणी विचारतात की आमचा स्वयंसहाय्य गट आहेच, मग वेगळा कशाला? स्वयंसहाय्य गटांचे ऋण मी मानते. नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, 1992 मध्ये हे गट बँकांना जोडून देण्याचे काम सुरू केले, आणि नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्यांची पंचसूत्री लाखो स्त्रियांना पैसा हाताळायला शिकवून गेली. पण ज्या गटाचे तुम्ही देणे लागता, त्या गटात तुम्ही मोकळेपणाने बोलू शकत नाही. हप्ता चुकला तर इतरांचे कर्ज अडते, त्यामुळे हप्ता चुकण्याची भीती बाईला सर्वांत जास्त याच गटात लपवावी लागते. म्हणून आधाराच्या गटात पैशाची देवघेव अजिबात करू नये असे माझे ठाम मत आहे. पाचशे रुपयांचीही नाही, भिशीही नाही. काही सहकाऱ्यांना हे फार कठोर वाटते. मी तीन गट उसनवारीने मोडलेले पाहिले आहेत, त्यामुळे मी या मतावरून हलत नाही.

व्हॉट्सअॅपबद्दल थोडक्यात सांगायचे तर तिथल्या गटाचा उपयोग बैठकीची वेळ कळवण्यापुरता ठेवा आणि रात्री नऊनंतर त्यावर काही टाकू नका. त्याऐवजी दोघीदोघींच्या जोड्या लावून घ्या, म्हणजे मधल्या दिवसांत अगदी असह्य झाले तर कुणाला फोन करायचा याचा विचार करावा लागत नाही.

तुमच्या थकबाकीविषयी मला जे ठाऊक आहे ते लिहिते, कारण उधारी वसूल न होता केवळ श्वासाचे व्यायाम सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, आणि करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते, आणि त्यासाठी अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती विनामूल्य आहे, आधार क्रमांकावर घरबसल्या होते, आणि तुमच्याकडे नसेल तर नवा माल पाठवण्यापूर्वी करून घ्या. जुन्या बिलांचे काय होईल ते सनदी लेखापालाला विचारा. बहुतेक वेळा तक्रारीपर्यंत जावेच लागत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची मुदत छापलेली असली की कचेरीतल्या माणसाचे बोलणे बदलते. पुढच्या वेळी त्या हॉटेलला माल देण्यापूर्वी निम्मे पैसे आगाऊ मागा. ‘गिऱ्हाईक तुटेल’ ही भीती खरी आहे, पण चार महिने पैसे न देणारा तुमच्याच भांडवलावर व्यवसाय करीत असतो.

पतीला सांगण्याबाबत मी तुम्हाला आग्रह करणार नाही, घराची हवा तुम्हाला ठाऊक आहे. हात उचलला जाण्याची भीती असेल तर आधी समुपदेशकाशी बोला. तशी भीती नसेल, केवळ ‘बंद कर’ हे ऐकावे लागेल एवढेच असेल, तर सांगावे असे मला वाटते. आपल्या गोव्यात विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते आणि निम्म्या वाट्यावर पत्नीचा हक्क असतो. तुमच्या व्यवसायाची मिळकत जशी दोघांची आहे, तशी ही येणीही दोघांच्या संसारातलीच आहेत. त्यांच्यापासून लपवताना तुम्ही त्यांना काळजीपासून वाचवत आहात असे तुम्हाला वाटत असेल, पण रात्री तीनला उठून बसणारी बायको त्यांना दिसत असणारच आणि तिला काय झाले आहे याचे कारण ते स्वतःच्या मनाने शोधत असतील. सांगताना रात्रीची वेळ टाळा. वही समोर ठेवून, कुणाकडे किती आणि कधीपासून, आणि मी या महिन्यात काय करणार आहे, या क्रमाने सांगा. उपाय तुमच्या हातात आहे असे दिसले की ‘बंद कर’ म्हणणाऱ्याला सहसा तसे म्हणायला जागा राहत नाही.

झोपेसाठी तुमच्याबाबतीत तीनच गोष्टी सुचवते. संध्याकाळी सातच्या सुमारास, दिवा लावून झाल्यावर, दहा मिनिटे बसून दुसऱ्या दिवशीची कामे आणि त्या दिवशीची येणी-देणी वहीत लिहा, म्हणजे पहाटे मन ती मोजायला बसणार नाही. आणि ऑर्डरीचा फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा. जाग आलीच तर वीस मिनिटांनंतर अंथरुणातून उठून पडवीत जाऊन बसा, फोन न घेता. पेंग आली की परत या. दोन-तीन आठवडे हे नेटाने केले तर फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टरांना सांगा, पण शेजारणीकडची झोपेची गोळी घेऊ नका.

मुलीवर ओरडल्यावर तुम्ही तिला काही बोलता की नुसते मनात कुढता, हे तुम्ही लिहिलेले नाही. बारावीतल्या मुलीला घरात पैशाची चणचण असल्याचे कळत असते. तिला कळत नाही ते एवढेच की आईच्या रागाचे कारण आपण नाही. ‘काल मी तुझ्यावर ओरडले ते दुकानाच्या काळजीने ओरडले, तुझे काही चुकले नव्हते’ एवढे तिला सांगा. आकडे सांगण्याची गरज नाही, आणि हिशेबाला किंवा पॅकिंगला तिला या वर्षी बसवू नका.

गट कुठून जमवायचा ही तुमची अडचण असेल, तर त्याच मेळाव्यातल्या बायका आठवून पाहा. व्यासपीठावर न बोललेली, जेवणाच्या रांगेत तुमच्याशी दोन शब्द बोललेली अशी एखादी होती का? तिला फोन करा. अशा दोघी-तिघींपासून सुरुवात होते, आणि माझे बहुतेक टिकलेले गट असेच सुरू झाले. श्रावण लागण्यापूर्वी पहिल्या दोन बैठका होऊ द्या, कारण एकदा नेवऱ्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या की चवथ संपेपर्यंत तुम्हाला उसंत मिळणार नाही. पहिल्या बैठकीला जाताना तीन थकबाकीदारांची बिले तारखेनुसार लावून सोबत न्या. आणि ईसीजीचा कागद हाती आला की मला कळवा.